मदत हवी आहे: धाकटी बहीण आरएच निगेटिव्ह, बाळंतपणाची तारीख ऐन गणपतीतली. अँटी-डी इंजेक्शनची सोय कशी करून ठेवावी?

शमी:
माझ्या धाकट्या बहिणीचा रक्तगट ए निगेटिव्ह, तिच्या नवऱ्याचा बी पॉझिटिव्ह. आत्ता सोळावा आठवडा चालू आहे. गेल्या वर्षी दहाव्या आठवड्यात तिचा गर्भपात झाला, क्युरेटिंग करावं लागलं. सासरच्या गावाजवळच्या एका लहान हॉस्पिटलात. डिस्चार्ज कार्डावर रक्तगट ठळक लिहिलाय, पण अँटी-डी दिल्याचा उल्लेख नाही (आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन). औषधांची बिलं काढून पाहिली, त्यातही नाही. म्हणजे दिलंच नसणार. घरात कुणाला असं काही इंजेक्शन असतं याची कल्पना नव्हती. ज्यांना होती त्यांनी सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो.

आता चिपळूणच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत इनडायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे आयसीटी करून घेतली, तिच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का ते पाहायला. ती निगेटिव्ह आली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा आयसीटी, तीही निगेटिव्ह असली तर ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं, असं त्यांनी सांगितलंय.

सासूबाईंना हे पटत नाही. "आमच्या वेळी एकच देत, तेही बाळंत झाल्यावर. पोटात बाळ असताना कुणाच्या तरी रक्तापासून केलेलं औषध कशाला?" असं त्यांचं म्हणणं. त्या मनाने वाईट नाहीत, पण "पत्रिका पाहिली तसा रक्तगटही पाहायला हवा होता" हे बोलून गेल्या आणि ते बहिणीच्या मनाला फार लागलंय.

मला जास्त घोर आहे तो बाळंतपणाचा. ते माहेरी होणार, गुहागर तालुक्यात. त्या आठवड्यात हायवेवर मुंबईच्या गाड्यांची रांग, निम्मी दुकानं बंद. इथला मेडिकलवाला म्हणतो, मागवून देईन, पण ठेवत नाही. आधीच आणून घरच्या फ्रीजमध्ये ठेवावं तर पावसात लाईट गेली की कधीकधी दुसऱ्या दिवशीच येते.

गेल्या वर्षीचं इंजेक्शन राहिलं, तरी आयसीटी निगेटिव्ह आहे म्हणजे धोका टळला समजायचं का? सासूबाईंना काय सांगू? आणि ती बाटली वेळेवर हाताशी असावी म्हणून तुम्ही कुणी काय केलंत?

मंजिरी_नाशिक:
मी ओ निगेटिव्ह, दोन्ही मुलं पॉझिटिव्ह, दोघंही ठणठणीत. बहिणीला आधी हे सांगा. धाकटा शनिवारी रात्री झाला. बाळाचा रक्तगट सोमवारी लॅब उघडल्यावर बघू, असं तिथली नर्स सहज बोलली. माझ्या आईने तिथेच ठाम सांगितलं की सोमवारपर्यंत थांबणार नाही, नमुना आत्ताच दुसरीकडे पाठवा. रविवारी दुपारी इंजेक्शन झालं. सुट्टीच्या दिवशी बाळाचा गट कोण तपासणार हे आधीच विचारून ठेवा, कारण त्या रिपोर्टशिवाय बाटली हातात असूनही सगळे नुसते थांबून राहतात.

सेंट्रिफ्यूज:
मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे अंतिम शब्द तुमच्या मॅडमचा.

आयसीटी निगेटिव्ह, ही खरंच चांगली बातमी. आम्ही आईच्या सीरममध्ये ओ पॉझिटिव्ह पेशी घालून ती नळी ३७ अंशांवर ठेवतो, मग पेशी सलाईनने नीट धुऊन कूम्ब्स सीरम टाकतो. आईच्या रक्तात अँटी-डी अँटीबॉडी असतील तर नळी हलवल्यावर पेशींच्या गुठळ्या दिसतात. तुमच्या बहिणीच्या नळीत त्या दिसल्या नाहीत. दहाव्या आठवड्यात बाळाचं रक्त मुळात फार थोडं, क्युरेटिंगमध्ये ते आईत जरा जास्त मिसळू शकतं इतकंच. पण धोका टळला असं आजच म्हणू नका. शरीराने तेव्हा थोडी ओळख करून ठेवली असेल, तर या खेपेला अँटीबॉडी वर येऊ शकतात. म्हणून २८ आठवड्यांची तपासणी चुकवायची नाही, आणि रक्त इंजेक्शनच्या आधी काढायचं. मधल्या काळात रक्तस्राव झाला, स्कूटरवरून पडली, पोटाला मार लागला, तर त्याच दिवशी मॅडमना कळवा. तेव्हाही डोस लागू शकतो.

सासूबाई म्हणतात तसं अजूनही पुष्कळ ठिकाणी बाळंतपणानंतरच देतात. त्यानेही मोठा फरक पडतो. काहीच न दिल्यास पॉझिटिव्ह बाळ झालेल्या १०० निगेटिव्ह आयांपैकी साधारण १६ जणींच्या रक्तात अँटीबॉडी तयार होत. बाळंतपणानंतर दिल्यावर हे प्रमाण १ ते २ वर येतं. जे उरतं ते बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत, कुणाला न कळता मिसळलेल्या रक्तामुळे, आणि २८ व्या आठवड्याचा डोस नेमका तेवढ्यासाठी. तो साधारण १२ आठवडे पुरतो, म्हणून बाळंतपणानंतर दुसरा. बाळाच्या ज्या पेशी आईच्या रक्तात येतात, त्या आईच्या शरीराला दखल घ्यायच्या आत हे औषध बाजूला करतं. एकदा तिच्या स्वतःच्या अँटीबॉडी तयार झाल्या की त्याचा काही उपयोग नाही. मग पुढच्या प्रत्येक पॉझिटिव्ह बाळाला धोका: पोटातच रक्तक्षय, नंतर तीव्र कावीळ, कधी गर्भातच रक्त देण्याची वेळ.

रक्तापासून करतात हे खरं. ज्यांच्या रक्तात या अँटीबॉडी आहेत अशा दात्यांच्या प्लाझ्मातून. १९६८ मध्ये अमेरिकेत ते पहिल्यांदा बाजारात आलं. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांनी त्यासाठी ११०० हून जास्त वेळा रक्तदान केलं, वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत. २०२५ मध्ये ते गेले. हे सासूबाईंना जरूर सांगा, त्यांची भीती थोडी निवळेल. प्लाझ्मा तपासलेला असतो, विषाणू निष्क्रिय करण्याच्या प्रक्रियेतून गेलेला असतो. आपल्याकडे प्रयोगशाळेत बनवलेलं मोनोक्लोनल अँटी-डीही मिळतं. कुठलं द्यायचं ते मॅडम ठरवतील.

आता बाटली. २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. घरी आणूच नका. ज्या हॉस्पिटलात बाळंतपण आहे तिथे फ्रीजला इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहे का विचारा. असेल तर छत्तिसाव्या आठवड्यातच बाटली नाव लिहून तिथे ठेवायला द्या. नाळेचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्यावर बाळाचा रक्तगट आणि डायरेक्ट कूम्ब्स (बाळाच्या पेशींना आईच्या अँटीबॉडी चिकटल्यात का, ते पाहणारी तपासणी) दोन्ही लिहून द्यायला सांगा. गट निगेटिव्ह आला तर वीक डी (साध्या तपासणीत निसटू शकणारा कमजोर पॉझिटिव्ह) पाहिलंय का हेही विचारा. बाळंतपणात रक्तस्राव फार झाला तर एक डोस पुरेल का, ते डॉक्टरांना पाहावं लागतं. ३०० मायक्रोग्रॅम बाळाच्या साधारण ३० मिलीलीटर रक्ताला पुरतं.

आणि इतकं करूनही ७२ तास उलटले, तर "आता काय उपयोग" म्हणून सोडून देऊ नका. दहा दिवसांपर्यंतही दिलेलं बरं.

लेस्टरकर:
इथे इंग्लंडमध्ये माझ्या दोन्ही खेपांना अठ्ठाविसाव्या आठवड्यात दिलं होतं, त्यामुळे पोटात बाळ असताना देणं नवीन नाही. हल्ली इथे आईच्याच रक्तातून बाळाचा आरएच पाहतात. बाळ निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागतच नाही. पत्रिकेच्या बोलण्याबद्दल: इथे दर १०० माणसांत साधारण १५ निगेटिव्ह असतात. रक्तगट पाहून लग्नं ठरवायची म्हटली तर निम्म्या गावाची लग्नं व्हायची नाहीत. बहिणीला जवळ घ्या.

शमी:
सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला हा धागा वाचून दाखवला, मंजिरीताईंच्या आईचं वाचून ती किती दिवसांनी हसली. हॉस्पिटलात फोन केला. जनरेटर आहे, बाटली ठेवून घेतील. सणात लॅबवाला मात्र गावी जातो, म्हणून नमुना चिपळूणच्या रक्तपेढीत न्यायचं ठरवलं. भाऊ मोटरसायकलवरून नेईल, गाड्यांच्या रांगेतून वाट काढता येते. सासूबाईंशी भाऊजी स्वतः बोलणार आहेत.

एक राहिलं. जूनअखेर इंजेक्शन झालं आणि त्यानंतर कुणी पुन्हा आयसीटी केली, ती पॉझिटिव्ह आली तर?

सेंट्रिफ्यूज:
येऊ शकते, हलकीशी. दिलेल्या इंजेक्शनचीच अँटीबॉडी त्यात दिसते. गोंधळ होतो तो लॅबला इंजेक्शनबद्दल माहीत नसतं म्हणून. बाटलीवरचं स्टिकर फाईलमध्ये चिकटवा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीच्या फॉर्मवर अँटी-डीची तारीख नि डोस लिहा. आणि या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून कुणी बाळंतपणानंतरचा डोस रद्द करायला निघालं, तर आधी मॅडमना फोन लावा.