मदत हवी आहे: बुद्धिबळात एच७ वर उंट देतो आणि डाव जातो

चार डाव झाले. मी पांढरा. उंटाने एच७ (पटावरचं घर) चं प्यादं मारतो, काळा राजा उंट घेतो, घोडा जी५ शह, राजा जी८, वजीर एच५. पुढे वजिराने एच७ वर मात व्हायला हवी. होत नाही, आणि मी एक मोहरं कमी घेऊन हरतो. मध्यडावात चाल खरी जोरदार आहे की आपल्यालाच अडकवणार आहे, हे पटावर ओळखायचं कसं? रविवारी स्पर्धा आहे, लवकर सांगा.

तिरपी_चाल: एफ६ वर काळ्याचा घोडा होता का? तुझं प्यादं ई५ वर होतं?

धागाकर्ता: घोडा मारामारीत गेला होता. प्यादं ई५ वर. एवढं बघूनच देतो.

सांगलीकर: लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर रोज ३० कोडी सोडवा, फक्त याच बळीची, म्हणजे एच७ वर उंट मुद्दाम देण्याची. मला त्यानेच फरक पडला.

तिरपी_चाल: कोडं समोर आलं की इथे काहीतरी आहे हे आधीच कळलेलं असतं. डावात कोण सांगणार?

सांगलीकर: नमुना डोळ्यांत बसल्याशिवाय दिसणारच नाही! इटलीच्या ग्रेको या खेळाडूने १७ व्या शतकात लिहून ठेवलेला बळी आहे हा. आणि राजा जी८ ला न जाता जी६ वर आला तर? १९३० साली फ्रान्समधल्या नीस इथे कोल या खेळाडूने ओ'हॅनलनविरुद्ध तिथे शांतपणे प्यादं एच४ वर ढकललं. तो डाव पटावर मांडून बघा.

आजोबांचा_पट: आमच्याकडे देशी पद्धतीत कॅसलिंगच (राजा-हत्तीची एकत्र चाल) नव्हतं. राजाला तोवर शह बसला नसेल तर तो एकदा घोड्याची चाल खेळायचा. प्यादंही एकच घर.

तिरपी_चाल: काका, छान आठवण, पण त्याची रविवारी स्पर्धा आहे. धागाकर्ते, वजीर एच५ नंतर काळ्याने खेळलं काय?

धागाकर्ता: उंट एफ५. चारपैकी तीनदा. ओपनिंग (डावाची सुरुवात) स्पॅनिश नावाची, त्याचा उंट ई६ वर असतो.

तिरपी_चाल: अरे, हे आधी सांगायचं! एफ५ वरून तो उंट एच७ राखतो, मात तिथेच संपली. हा बळी चालतो तो बहुतेक ई६ वर काळ्याचं प्यादं असताना, कारण ते त्याच्याच उंटाची वाट अडवतं. तुझ्या डावात वाट मोकळी आहे. बळी देण्याआधी मात ज्या घरावर होणार ते घर बघ आणि काळ्याचं प्रत्येक मोहरं एका चालीत तिथवर पोचतं का ते तपास. उंट बी१-एच७ कर्णावर येतो का, घोडा एफ६ किंवा एफ८ वर येतो का. त्याचा ई७ वरचा उंट जी५ चा घोडा मारतो का, हेही.

सांगलीकर: हे पटलं. तरी कोडी सोडवाच.

धागाकर्ता: मांडून बघितलं, तिन्ही डावांत एफ५ मोकळंच होतं. मग उंट द्यायचा नाही तर तिथे खेळायचं काय?

तिरपी_चाल: पूर्ण डाव टाक. हत्ती कुठे आहेत तेही अजून सांगितलं नाहीस.