मदत हवी आहे: भजन बंद, बाबा गप्प, चतुर्थी तोंडावर

नमस्कार मंडळी, गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावरून लिहितोय.

बाबा ७४ वर्षांचे. मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि भजनी मंडळाचे पखवाजवाले. कोरोनामुळे मार्च २०२० पासून देवळातलं भजन बंद; जूनमध्ये वास्कोच्या मांगूर हिलवर रुग्ण सापडल्याची बातमी आली तेव्हापासून तर त्यांनी उंबरठाच ओलांडलेला नाही. संध्याकाळी टीव्हीसमोर एकच प्रश्न, "आज कितले?" रुग्णांचा आकडा ऐकतात आणि ताटावरून उठतात. पोदेराचा (पाववाल्याचा) पाव काळा पडेपर्यंत तव्यावर भाजतात. पहाटे तीनला जाग येते, मग नुसते बसून.

एरवी श्रावणात पखवाजाला आवाजासाठी कणीक लावायचं काम ते कोणालाच करू देत नसत. परवा मीच भिजवून पुढ्यात ठेवली, तर म्हणाले, "साथ कोणाक करूं?"

वाड्यावर असे आणखी काही म्हातारे आहेत. आम्ही पोरं औषधं, वाणसामान पोचवतो. तेवढ्याने भागत नाही हे दिसतंय. फोनवर नातलग "काळजी घ्या" म्हणून मोकळे होतात (ती कशी घ्यायची ते कोणी सांगत नाही). पाळीपाळीने फोन करायचं ठरवतोय, पण बोलायचं काय? आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं? बांबोळीच्या मनोरुग्ण संस्थेचं नाव काढलं की आई रडायला लागते.

प्रतिसाद १
दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, रस यांतलं दोन-तीन गेलं असेल तर वय म्हणून सोडू नका. आधी नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२, चालू गोळ्या बघू देत. बांबोळीला नेणं म्हणजे भरती करणं नव्हे, तिथे ओपीडीही आहे. जगण्यात अर्थ नाही असं बोलले तर मात्र त्याच दिवशी न्या, एकटं ठेवू नका.

फोनचं म्हणाल तर गोव्यातच साठीपुढच्या लोकांवर झालेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झालाय. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या माणसांनी त्यांना अडचणी एकेक करून सोडवायला आणि झोपेची घडी बसवायला मदत केली. त्या गटात नैराश्य कमी आढळलं. तेव्हा "कसे आहात" विचारू नका, काम सांगा. मास्तर आहेत ना? वाड्यावरच्या पोरांना फोनवर आरतीचे ठेके शिकवू देत. बातम्या दिवसातून एकदाच, त्याही जेवण झाल्यावर.

धागाकर्ता
ठेक्यांचं आजच विचारतो. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यावर एकदम तीन-चार पोरांना कसं जोडायचं?