मदत हवी आहे: नांगरटीत दगडी पाती आणि रंगीत खापरं निघताहेत, जागा सपाट होण्याआधी काय करू?

नमस्कार. आमचं रान प्रवरेकाठी आहे. त्यातल्या दहाएक गुंठ्यांच्या उंचवट्याला घरात सगळे 'पांढर' म्हणतात. बाकीची जमीन काळीभोर, एवढीच माती राखेसारखी भुरभुरीत. आजोबा सांगायचे, पूर्वी लोक ती खत म्हणून गाड्या भरभरून न्यायचे.

यंदा ट्रॅक्टरने खोल नांगरट झाली. पहिला वळीव पडून गेला आणि सकाळी धुतलेल्या ढेकळांतून नांगराच्या तासातासाने चालत गेलो. करंगळीच्या पेराएवढं पातं सापडलं. दुधी, उजेड आरपार जाणारा दगड, पाठीवर मधोमध सरळ उभा कणा, दोन्ही कडा समांतर. कडेवरून अंगठा फिरवला तर अजून बोचते! हातभर अंतरावर नारिंगी-तांबडं खापर होतं, वर काळ्या तिरप्या रेघा. टिचकी मारली की खणखणतं. आतून चाकाच्या बारीक गोल रेषा दिसतात.

मला ही जोर्वे संस्कृतीची, म्हणजे तांबं आणि दगडी हत्यारं वापरणाऱ्या इथल्या जुन्या शेतकऱ्यांची वाटतात, साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१ साली उत्खनन झालं, त्याच काळाचे अवशेष मिळालेलं नेवासं आणि दायमाबादही याच नदीवर. पण सातवाहन काळाची तांबडी खापरंही या पट्ट्यात निघतात. जाणकार फरक कशावरून करतात? रंगकाम झिजलेलं असेल तर?

पहिल्या दिवशी दिसेल ते एकाच पिशवीत टाकलं, याचं फार वाईट वाटतंय. आता दोन-दोन मीटरवर सुतळी बांधून चालतो, वस्तू न हलवता शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढतो, मोबाईलवर अक्षांश-रेखांश टिपतो. एवढं पुरेल का? वस्तू उचलाव्यात की तिथेच राहू द्याव्यात?

खरी घाई वेगळीच आहे. वडिलांना तिथे ऊस लावायचाय, उंचवट्यावर पाणी चढत नाही म्हणून जेसीबी लावून सपाटीकरण करायचंय. त्यांचंही चुकत नाही, पोट त्याच रानावर आहे. पण जोर्वे काळातले लोक आपली गेलेली लेकरं घराच्या जमिनीखालीच, दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यांत पुरायचे. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात अशी कितीतरी दफनं मिळाली. आमच्या पांढरीखाली तसं काही असेल तर जेसीबीच्या बकेटला ते कळणार नाही.

आधी कुणाला कळवू? पुरातत्त्वाचं संशोधन करणारं पुण्याचं डेक्कन कॉलेज, राज्याचा पुरातत्त्व विभाग की तहसीलदार? कळवल्यावर जमीन अडकते का? वडिलांना तीच धास्ती आहे. कुणाच्या शेतात असं प्रत्यक्ष घडलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. जेसीबीवाल्याने पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे.