रग्बीतली ‘टेस्ट’ म्हणजे कसोटी का? आणि तिचं मोल स्पर्धेतल्या सामन्याइतकं का?

ठाकुरद्वार
मराठी बातम्यांत रग्बी क्वचित येते, आणि येते तेव्हा एकाच सामन्याला ‘कसोटी’, ‘मैत्रीपूर्ण सामना’ आणि ‘आंतरराष्ट्रीय लढत’ अशी तीन नावं दिलेली दिसतात. “कसोटी सामने विश्वचषकाइतके महत्त्वाचे नसतात” असंही सर्रास लिहिलं जातं. ही अर्थाची चूक आहे की फक्त मतभेद? आणि मराठीत लिहावं काय?

माहीमकर
आधी अर्थाची चूक, मताचं नंतर पाहू. आपल्या कानाला ‘कसोटी’ म्हटलं की पाच दिवस आणि पांढरे कपडे, म्हणजे खेळाचा एक प्रकार. रग्बीत टेस्ट हा प्रकार नाही, ती संघाची पायरी आहे. दोन देशांचे मुख्य संघ पंधरा-पंधरा खेळाडूंनिशी ८० मिनिटं भिडले आणि संघटनेने त्या सामन्याला कॅप (देशाकडून खेळल्याची अधिकृत नोंद) दिली की झाली टेस्ट. तो सामना दौऱ्यावरचा असो की विश्वचषकातला. २०११ ची वानखेडेवरची अंतिम लढत कसोटी नव्हती. २०२३ ची पॅरिसमधली दक्षिण आफ्रिका–न्यूझीलंड अंतिम लढत मात्र टेस्टच होती. म्हणून ‘कसोटी विरुद्ध विश्वचषक’ ही विभागणीच रग्बीत चुकते. म्हणायचं असेल तर ‘दौऱ्यावरची टेस्ट’ आणि ‘स्पर्धेतली टेस्ट’ म्हणावं.

मुंबईत हा गोंधळ जरा जास्तच होतो. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातली पहिली क्रिकेट कसोटी बॉम्बे जिमखान्यावर झाली, आणि पावसाळ्यात रग्बी खेळली जाते तीही त्याच मैदानावर.

कॅप कोणत्या सामन्याला द्यायची हे ज्या त्या देशाची संघटना ठरवते. त्यामुळे एकच सामना एका बाजूला टेस्ट आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही होतं. बार्बेरियन्स हा निमंत्रितांचा संघ. त्याच्याविरुद्धच्या काही सामन्यांना वेल्सने कॅप दिल्या आहेत; इंग्लंड देत नाही.

शिवडी_क्रॉस
व्याख्या पटली. पण मोलाचं काय? दौऱ्यावरची टेस्ट हरली तर कोणी घरी जात नाही.

दुसरी_फळी
मोल मोजायची एक पद्धत तर उघड आहे: जागतिक क्रमवारी. प्रत्येक देशाला ० ते १०० मध्ये रेटिंग असतं आणि सामन्यात एकाचे जेवढे गुण वाढतात तेवढेच दुसऱ्याचे घटतात.

समजा, यजमान ८५ वर आणि पाहुणे ८६ वर आहेत. हिशेबापुरते यजमानांना घरच्या मैदानाचे ३ गुण वाढवून द्यायचे, म्हणजे ८८. फरक २. त्याला १० ने भागलं की ०.२. यजमान जिंकले तर त्यांना १ वजा ०.२, म्हणजे ०.८ मिळतात. पाहुणे जिंकले तर त्यांना १.२. बरोबरी झाली तर यजमानांचे ०.२ जातात, कारण घरी खेळून त्यांनी जिंकायला हवं होतं. विजय १५ पेक्षा जास्त गुणांनी असेल तर आकडा दीडपट. रेटिंगमधला फरक १० च्या वर गेला तरी १० च धरतात, म्हणून बलाढ्य संघाने दुबळ्याला घरी कितीही मारलं तरी पदरात शून्य पडतं.

आता मुद्द्याचं. विश्वचषकातल्या सामन्याला हा सगळा आकडा दुप्पट होतो. मात्र सिक्स नेशन्सला, म्हणजे युरोपातल्या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेला, दुप्पट नाही, सव्वापटही नाही. फेब्रुवारीतली सिक्स नेशन्सची लढत आणि नोव्हेंबरमधली दौऱ्यावरची टेस्ट क्रमवारीच्या लेखी अगदी सारख्या.

आणि ही क्रमवारी नुसती शोभेची नाही. विश्वचषकाचे गट त्यावरून पडतात. २०२३ च्या विश्वचषकाचे गट डिसेंबर २०२० मध्येच पाडले होते, तेही १ जानेवारी २०२० च्या क्रमवारीवरून. परिणाम असा की स्पर्धा आली तेव्हा आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, फ्रान्स आणि न्यूझीलंड चौघेही बाद फेरीच्या एकाच अर्ध्यात अडकले आणि त्यातले दोन उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर पडले. २०२७ साठी २४ संघांचे सहा गट डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे नोव्हेंबरच्या टेस्ट संपल्यावर पाडले गेले. त्या नोव्हेंबरला ‘सराव’ म्हणणं साफ चूक.

शिवडी_क्रॉस
तरीही आयर्लंडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. २०२२ मध्ये त्यांनी न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका २–१ ने जिंकली, क्रमवारीत पहिले आले. मग २०२३ च्या उपांत्यपूर्व फेरीत त्याच न्यूझीलंडकडून २८–२४ हरले. विश्वचषकात आयर्लंड त्या फेरीच्या पुढे आजवर गेलेलं नाही. लोकांच्या लक्षात काय राहिलं?

माहीमकर
दोन्ही राहिलं, आणि राहायलाच हवं. न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकणं हे तीन आठवडे त्याच संघाशी पुन्हा पुन्हा भिडून मिळालेलं यश आहे; पहिल्या सामन्यातल्या चुका समोरच्याने वाचलेल्या असतात. बाद फेरी एका संध्याकाळची. २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेने उपांत्यपूर्व, उपांत्य आणि अंतिम असे तिन्ही सामने एकेका गुणाने जिंकले: २९–२८, १६–१५, १२–११. या दोन गोष्टींची परीक्षा वेगळी आहे. एक मोठी आणि दुसरी छोटी असं मला दिसत नाही.

शिवाय त्या विजयाची तयारी कुठे झाली ते पाहा. २५ ऑगस्ट २०२३ ला ट्विकनहॅमवर दक्षिण आफ्रिकेने राखीव आठांत सात फॉरवर्ड (पुढच्या फळीतले, ढकलाढकली करणारे) आणि एकच बॅक (मागच्या फळीतला, धावणारा) ठेवला आणि न्यूझीलंडला ३५–७ ने हरवलं. न्यूझीलंडचा तो तोवरचा सर्वांत मोठा पराभव. कोणतीही स्पर्धा नव्हती, गुणतक्ता नव्हता. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तोच ७–१ बेंच (राखीव खेळाडूंची रचना) पुन्हा उतरला. त्यातला धोका उघड आहे: दोन बॅक जखमी झाले की फॉरवर्डला मागे उभं करावं लागतं. असा डाव आधी टेस्टमध्ये खेळून पाहिल्याशिवाय अंतिम सामन्यात कोणी टाकत नाही.

दुसरी_फळी
मैदानातला निर्णय मात्र स्पर्धेत बदलतो, हे शिवडीकरांचं मान्य करायला हवं. गटात विजयाला ४, बरोबरीला २, चार ट्राय (चेंडू समोरच्या संघाच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं) केल्यास बोनस १, आणि सात किंवा कमी गुणांनी हरल्यास आणखी १. ब्रायटन, १९ सप्टेंबर २०१५, विश्वचषकातला गटसामना: दक्षिण आफ्रिकेविरुद्ध जपान २९–३२ ने मागे, वेळ संपत आलेली, पेनल्टी मिळालेली. तीन गुण घेऊन बरोबरी करता आली असती. त्यांनी स्क्रम (दोन्हीकडचे फॉरवर्ड एकमेकांत अडकून चेंडूसाठी ढकलतात तो) मागितला आणि ट्राय करून ३४–३२ जिंकले. पण हरलेल्या दक्षिण आफ्रिकेने चार ट्राय केले होते आणि अंतर दोनच गुणांचं होतं, म्हणून त्यांनीही २ गुण नेले. जपान तीन सामने जिंकून १२ वर राहिला, एकही बोनस नाही. स्कॉटलंड १४ वर गेला आणि जपान बाहेर. दौऱ्यावर असा पराभव नुसता पराभव असतो; तिथे हरलेल्याला दिलासा देणारा तक्ता नाही.

ठाकुरद्वार
मग ‘मैत्रीपूर्ण’ हा शब्द कायमचा बाद?

माहीमकर
रग्बीपुरता बाद. फुटबॉलच्या ‘फ्रेंडली’वरून तो उचलला गेला आहे. रग्बीत कॅप मिळालेलं एक मिनिटसुद्धा खेळाडूला त्या देशाशी बांधतं. २०२२ पासून एकदा देश बदलता येतो, पण त्यासाठी ३६ महिने आंतरराष्ट्रीय सामन्यांपासून दूर राहावं लागतं आणि नव्या देशात स्वतःचा किंवा आई-वडील, आजी-आजोबा यांपैकी कोणाचा तरी जन्म झालेला असावा लागतो. ज्याची एवढी किंमत लागते त्याला मैत्रीपूर्ण कसं म्हणणार?

कमजोर टेस्ट नसते असं नाही. जुलै आणि नोव्हेंबरच्या ठरलेल्या आठवड्यांत क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात. त्या बाहेर ठेवलेल्या सामन्याला परदेशी क्लबात खेळणारे बहुधा मिळत नाहीत. बातमी लिहिताना तारीख पाहावी.

आणि लायन्सचं उदाहरण सुटायला नको. ब्रिटिश अँड आयरिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडमधून निवडलेला एकत्र संघ, दर चार वर्षांनी दौरा करतात. ते एका देशाचे नसल्याने क्रमवारीत त्यांना जागाच नाही, गुण शून्य. तरीही २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियात २–१ ने जिंकलेली मालिका त्या खेळाडूंच्या कारकिर्दीतली मानाची गोष्ट आहे.

शिवडी_क्रॉस
पण २०२६ च्या जुलैपासून नेशन्स चॅम्पियनशिप आखली आहे. सिक्स नेशन्सचे सहा, दक्षिण गोलार्धातले चार मोठे, शिवाय जपान आणि फिजी. जुलै-नोव्हेंबरच्या टेस्टच तक्त्यात जाणार. मग दौरा आणि स्पर्धा हा भेद उरतो कुठे?

दुसरी_फळी
सम वर्षांत बऱ्यापैकी पुसला जातो. विश्वचषकाच्या आणि लायन्सच्या वर्षांत ही स्पर्धा नाही, तिथे उरतो. माझी भीती वेगळी आहे: एका देशात तीन टेस्ट खेळण्याची मालिका यात आक्रसेल, आणि ती या खेळाची अतिशय समृद्ध गोष्ट आहे.

ठाकुरद्वार
शेवटची शंका. २०१७ मध्ये लायन्स–न्यूझीलंड तिसरी टेस्ट १५–१५ झाली. ‘अनिर्णित’ लिहावं की ‘बरोबरीत’?

माहीमकर
‘बरोबरीत’. क्रिकेटमध्ये ‘अनिर्णित’ म्हणजे डाव पुरा होण्याआधी वेळ संपली. रग्बीत ८० मिनिटं पुरी होतात आणि गुण समान राहतात. मालिकाही १–१ ‘बरोबरीत सुटली’ असं लिहावं. बाद फेरीत ही सोयच नाही: आधी दहा-दहा मिनिटांचा जादा वेळ, मग आणखी दहा मिनिटं ज्यात पहिला गुण घेणारा जिंकतो, आणि तरीही निकाल लागला नाही तर गोलखांबांमधून किक मारण्याची चुरस.