दमयंतीचं चित्र काढतोय : चित्राची जमीन, मोहफुलं आणि ऑफिलिया

चित्रकला मास्तर, आर्वी
नमस्कार मंडळी. दमयंतीचं मोठं तैलचित्र काढायला घेतोय. हंसाचं नाही. रविवर्म्यांनी १८९९ मध्ये हंस-दमयंती रंगवली आणि पुढं घरोघरी तीच पोचली. मला वनपर्वातली दमयंती पाहिजे. राज्य द्यूतात गेलेलं, नळाचं वस्त्र पक्ष्यांनी उडवून नेलेलं, दोघं एकच वस्त्र गुंडाळून रानातल्या निवाऱ्यात भुईवर निजलेली. तिथं पडलेल्या तलवारीनं नळ ते वस्त्र मधोमध कापतो आणि निघून जातो. ती जागी होते ती अंगावर अर्धं वस्त्र घेऊन. विदर्भाच्या राजाची लेक! तिचं कुंडिनपूर म्हणजे नदीपलीकडचं आमचं कौंडण्यपूर, असं इकडं मानतात. म्हणून तिच्याभोवती रान आपलंच पाहिजे असा माझा हट्ट आहे.

रीत मात्र प्री-रॅफेलाइटांची. १८४८ साली लंडनमध्ये मिले, हंट, रोझेटी ही विशीच्या आसपासची चित्रकार पोरं एकत्र आली. विषय शेक्सपिअरचा, बायबलचा, कवितेतला, पण पान न् पान समोर बसून काढायचं. मिलेची ‘ऑफिलिया’, म्हणजे ‘हॅम्लेट’ नाटकातली पाण्यात बुडणारी पोर, मी लंडनच्या टेट कलादालनाच्या संकेतस्थळावर मोठी करून पाहतो तेव्हा तिच्या चेहऱ्याआधी काठावरच्या झाडोऱ्यातच नजर अडकते. खसखशीचं लाल फूल, डेझी, विलोची फांदी, सगळं ओळखू येतं.

विचारायचं असं की तो रंग आतून उजळल्यासारखा दिसतो, तो कसा साधायचा? आणि मोहाच्या झाडाखालची जमीन नेमकी कशी दाखवू? चैत्रातली पहाट डोक्यात आहे.

रंगपेटी, नागपूर
सर, उजेड खालच्या पांढऱ्यातून येतो. चित्राची जमीन म्हणजे रंगवण्याआधी कॅनव्हासवर दिलेला पहिला थर. त्या काळचे बरेच चित्रकार गडद जमिनीवर रंगवत. यांनी पांढरी जमीन घेतली. रेखाटन झालं की त्या दिवशी जेवढा तुकडा संपवायचा तेवढ्यावरच ताजा पांढरा रंग पातळ पसरायचा आणि तो ओला असतानाच वर पारदर्शक रंग बारीक ब्रशनं ठेवायचे. उजेड रंगातून आत जातो, पांढऱ्यावर आपटून परत येतो. फार घोळलं की पांढरा वर येऊन रंग मळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात रंग लवकर ओढतो, वर धूळ बसते, म्हणून तळहाताएवढाच तुकडा घ्या.

दुसरं म्हणजे क्रम. मिलेनं १८५१ च्या जुलैपासून सरेमधल्या हॉगस्मिल नदीकाठी बसून आधी निसर्ग रंगवला. बाईची जागा मोकळी ठेवली आणि ती हिवाळ्यात लंडनच्या स्टुडिओत भरली. महिनोन् महिने काम चाललं, म्हणून वेगवेगळ्या वेळी फुलणारी फुलं त्यात शेजारीशेजारी आलीत. तुम्हीही रान आधी उरका.

झाडीवाला, कुरखेडा
मास्तर, मोह वेचाले पहाटेच जा लागते. फुलं रातभर टपटप पडत राह्यतेत. पिवळसर, मांसल, मधातून पोकळ. त्या टायमाले झाडावर पानं जवळपास नसतेतच, नवी पालवी तांबूस येते. लोकं झाडाखालचा पाला आधीच जाळून टाकतेत, म्हून जमीन काळी अन् तिच्यावर फुलं उठून दिसतेत. पण तुमची दमयंती निर्जन रानात हाये ना? तिथं पाला कोन जाळीन? तिच्याखाली सुका पालाच पाह्यजे, फुलं त्याच्यात अर्धी दबलेली. अन् अस्वल मोहासाठी येतेच. पाल्यात त्याच्या नखाची उकर दाखवा, भेव आपोआप येते.

अमरावतीची
एक कळकळीची विनंती. मॉडेल कोण आहे, तिला जपा. ‘ऑफिलिया’साठी बसलेली एलिझाबेथ सिडल भर हिवाळ्यात पाण्याच्या टबात पडून होती. पाणी कोमट ठेवायला टबाखाली लावलेले दिवे विझले, पाणी गार झालं, ती बोलली नाही आणि आजारी पडली. तिच्या वडिलांनी मिलेकडे डॉक्टरचा खर्च मागितला. लोकांना ती ‘ऑफिलिया’ म्हणूनच माहीत, पण ती स्वतः चित्रकार होती, कविताही लिहायची. टेनिसनच्या कवितेतल्या शॅलॉटच्या बाईचं चित्र तिनं १८५३ मध्येच काढलं, त्याच विषयावरचं वॉटरहाउसचं प्रसिद्ध चित्र १८८८ चं. तिच्या चित्रातली बाई मागावर बसलेली आहे, मान वळवून खिडकीकडे बघतेय. तुमच्या दमयंतीलाही नुसती निजलेली सुंदर बाई करू नका. महाभारतात ती उठते, अशोकाच्या झाडाला नळाचा पत्ता विचारते, वाघालाही विचारते.

चित्रकला मास्तर, आर्वी
झाडीवाले भाऊ, पाल्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. जळकी काळी जमीन फार मोहात पाडणारी होती, पण तिथं माणसाचा हात दिसला असता आणि तिचं एकटेपण संपलं असतं. ताई, धाकटी बहीणच बसणार आहे, सावलीत, पडवीत, मधे उठून चहा पिऊन. आणि ती निजलेली नसेल. कोपरावर उठलेली असेल, वस्त्राचा कापलेला काठ मुठीत. दोरे सुटलेले मला एकेक काढायचेत, त्यासाठी घरातलं जुनं पांढरं पातळ मिळालंय. फाडलं तर काठ वेगळा येतो, म्हणून विळ्यानं कापून बघणार आहे.

भाऊ, तुमच्याकडं मोह पडायला लागला की इथंच कळवा. रंग घेऊन येतो.