नागपूर–मुंबई विमानाला खरंच किती वेळ लागतो?

वर्धारोडवाला:
नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला परळला तपासणीसाठी न्यायचं आहे. वेळ दुपारी १२ ची मिळाली. तिचे गुडघे धड नाहीत, रात्रभर रेल्वेत झोपवत नाही, म्हणून विमानाचं पाहून राहिलो. अंतर कुठे ६८० किमी लिहिलंय, कुठे ७०१, कुठे ८३७. यातलं खरं कोणतं? सकाळी साडेआठला उतरणाऱ्या विमानानं गेलो तर वेळेत पोचू का?

सोनेगावची लेक:
दादा, तिन्ही आकडे बरोबर आहेत. सरळ रेषेत साधारण ६८०. ७०१ ही समृद्धीची लांबी, पण ती भिवंडीजवळ आमणेला संपते. पुढे परळपर्यंतची गर्दी वेगळी. रेल्वे अकोला, भुसावळ, मनमाड करत घाट उतरते म्हणून ८३७.

मी बाबांना तीन वर्षं दर तिमाहीला नेलंय. तिकिटावरचा दीड तास हा विमान जागेवरून हललं की मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतचा. हवेत सव्वा तासाच्या आतबाहेर. पण मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीत विमानं वर घिरट्या घालतात. एकदा खिडकीतून एकच तळं तीनदा दिसलं. बाबांनी घट्ट धरलेला माझा हात उतरेपर्यंत सोडला नाही. हिवाळ्यात मुंबईकडे जाताना वारा समोरून असतो, तेव्हाही पाच-दहा मिनिटं जास्त जातात.

खरा वेळ जातो जमिनीवर. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, निदान ४८ तास आधी. शिडीचं विमान असेल तर अँबुलिफ्टही (व्हीलचेअरसकट विमानाच्या दारापर्यंत वर-खाली नेणारी गाडी) मागा, गुडघ्यांना पायऱ्या नकोत. व्हीलचेअरवाल्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात, म्हणजे साडेआठचे सव्वानऊ झालेच. पुढे परळपर्यंत त्या वेळेला तास-सव्वा तास धरा. सगळं सुरळीत झालं तर साडेदहा. पण एका जानेवारीत धुक्यानं आमचं विमान नागपुरातच पावणेदोन तास अडलं आणि बाबांची तपासणी हुकली. पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तेव्हापासून आम्ही आदल्या संध्याकाळीच जातो. तुम्हीही तेच करा.

औषधं आणि कागद हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकू नका.

ठाणेकर:
ताईंशी सहमत. तिकीट काढताना कोड मात्र नीट बघा. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. त्याचा कोड एनएमआय, जुन्याचा बीओएम. लांबचं म्हणून लगेच सोडू नका. अटल सेतू शिवडीला उतरतो आणि परळ तिथून जवळ.

वर्धारोडवाला:
हे शिवडीचं लक्षातच नव्हतं आलं. आदल्या संध्याकाळचंच तिकीट काढतो. आई पहिल्यांदाच विमानात बसणार आहे. जागा खिडकीची घेऊ की कडेची?

सोनेगावची लेक:
जाताना कडेची, पाय थोडा मोकळा होतो. परतीचं विमान दिवसाचं घ्या आणि आईला खिडकी द्या. पावसाळा संपल्यावरचा हिरवा घाट वरून दिसला की बाबा आजाराचं बोलायचं थांबायचे, नाशिक मागे पडेपर्यंत काचेला नाक लावून बसायचे.