आई-वडिलांचा तोंडाचा कॅन्सर, पुढची स्टेज: तुम्ही कसं ठरवलंत?

वडील ७४, गालाच्या आतली गाठ जबड्यापर्यंत गेलीय, स्टेज फोर ए. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करता येईल, वर रेडिएशन. वडील म्हणतात मला चिरू नका. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी लिहा प्लीज, गोड करून नको.

* * *

आमच्या आईचं, जन्मभर मिश्री. परळला टाटाला दाखवलं, तिथे सर्जन, रेडिएशनवाले, केमोवाले एकत्र बसून केस ठरवतात त्यामुळे एकाचंच ऐकून धावपळ झाली नाही. अर्धा जबडा काढायचा, पायाचं हाड घेऊन नवा करायचा, थोडे दिवस श्वासासाठी गळ्याला भोक, जेवणासाठी नाकातून नळी, मग रेडिएशन ३० वेळा. मला बाहेर बोलावून सांगत होते, म्हटलं नाही, तिच्यासमोरच सांगा. तिने एवढंच विचारलं, भाकरी खाता येईल का? डॉक्टर म्हणाले दुधात कुस्करून. "मग करा."
आता तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, सारखी कोरड पडते, पण नातवावर ओरडणं चालू आहे. आणि हो, किडके दात रेडिएशनच्या आधीच काढून घ्या, नंतर काढले तर हाड लवकर भरत नाही.

* * *

आमचं उलट. अण्णा ८०, हार्ट अधू, गाठ कवटीच्या बुडाशी पोचलेली, ऑपरेशनचा प्रश्नच नव्हता. एका ठिकाणी फुल डोस इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणारं औषध) सांगितली, भाऊ प्लॉट विकायला निघाला. सेकंड ओपिनियनला कळलं की कमी डोसच्या केमोच्या गोळ्या असतात, मेट्रोनॉमिक म्हणतात, आठवड्याला मेथोट्रेक्सेट, रोज सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब, आणि टाटावाल्यांच्या अभ्यासानंतर त्यासोबत निवोलुमॅब, म्हणजे इम्युनोथेरपीचंच औषध, अवघं २० मिग्रॅ तीन आठवड्यांनी देतात, नेहमीचा डोस २४० च्या आसपास. यानं बरं होत नाही, आवर बसतो, हे अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं. म्हणाले प्लॉट विकलात तर गोळीसुद्धा घेणार नाही. घेतल्या मग गोळ्या.

* * *

पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं-त्रास कमी करायचे उपचार, म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले असं नाही हो, उपचार चालू असतानाच जा. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, पैसे घेत नाहीत. दुखण्यावर मॉर्फिन देतात त्याला घाबरू नका, फक्त सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज हवंच. जखमेला वास यायचा त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड, डॉक्टरांनीच सांगितलेली. आणि घरात गडद रंगाचे टॉवेल ठेवा, रक्त आलं तर पांढऱ्यावर बघून पेशंट हादरतो.

* * *

खर्चाचं कोणीच लिहिलं नाही. महात्मा फुले योजनेत कॅन्सरची बरीच ऑपरेशनं, रेडिएशन बसतं. ऍडमिट व्हायच्या आधीच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) गाठा, रेशनकार्ड-आधार घेऊन, मंजुरी आधी लागते.